नायिका हसवते तेव्हा

रंजनाचं नाव निघालं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. बिचारी, ऐन भरात असताना, काय नशीब एकेकीचं. मग १९८७चा तो अपघात, त्यानंतरची वर्षं, चाकांची खुर्ची. बोलणं तिथे पोचलं की संपतं, आणि या हळहळीत सगळ्यात मोठी गोष्ट राहून जाते. ही बाई लोकांना पोट धरून हसवायची. मराठी सिनेमात नायिका सुंदर असायची, सोशिक असायची, तमाशातली असली तर ठसकेबाज असायची. पण नायकाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्यावर कडी करून विनोद करणारी नायिका आपल्याकडे फार झाली नाही. रंजना तशी होती. म्हणून मला तिच्याविषयी लिहायचं आहे ते तिच्या सिनेमांपासून सुरुवात करून. अपघात त्याच्या जागी येईल.

आमच्या वरळी कोळीवाड्यात रंजना आली ती बहुतेकींच्या घरी दूरदर्शनवरून. मुंबई दूरदर्शन केंद्र वरळीतच २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याचा उंच मनोरा आमच्याकडे सगळ्यांच्या नजरेतला. होडी घेऊन बाहेर गेलेल्यांना परत येताना तो लांबून दिसायचा. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, असा तेव्हा रिवाज होता. शनिवार आमच्या बायकांना सोयीचा पडायचा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे म्हावऱ्याच्या विक्रीचे वार. शनिवारी निम्म्या गिऱ्हाइकांचा उपास, त्यामुळे पाटी लवकर रिकामी झाली नाही तरी बाजारात उगाच बसून राहण्यात अर्थ नसायचा. हातपाय धुऊन, केसांत वेणी माळून बाया ज्या घरी टीव्ही असेल तिथे जमायच्या. पुरुष मागे, दारात उभे. पोरं पुढे, जमिनीवर.

तिथे मी पाहिलेलं एक अजून लख्ख आठवतं. सोशिक नायिका पडद्यावर रडायला लागली की आमच्या बायकाही रडायच्या. त्यांना रडू येत नसे असं नाही. पण रंजना नवऱ्याला, सासऱ्याला, गावच्या पुढाऱ्याला फाडकन उत्तर द्यायची तेव्हा त्या नुसत्या हसायच्या नाहीत, मान डोलवायच्या. ओळख पटल्यासारख्या. शेजारची एक आजी म्हणाली होती, "हिच्या तोंडाला कोन लागंल?" आणि त्या म्हणण्यात शुद्ध कौतुक होतं. कोळणीला भांडखोर म्हणायची शहराची जुनी सवय आहे. शहराने कधी हा विचार केलेला नाही की पहाटे धक्क्यावर लिलावात माल उचलायचा, बर्फ घालून तो डोक्यावरून आणायचा, दुपारपर्यंत तो नासायच्या आत विकायचा, आणि घरचा पैसा स्वतःच्या कमरेला सांभाळायचा, तर बाईचा आवाज आणि तिची हजरजबाबी हीच तिची हत्यारं असतात. बाईने भाव न सोडता गिऱ्हाइकाला हसवून परत पाठवायचं, हे आम्ही रोज पाहत होतो. पडद्यावर ते करणारी बाई क्वचितच दिसायची.

अशी बाई पडद्यावर कशी आली ते पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं. प्रेमकथा आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या सिनेमाची घडी हॉलिवूडने बसवली ती १९३४च्या सुमारास. त्या वर्षी फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' आला. क्लॉडेट कोलबेर ही श्रीमंताघरची पळालेली मुलगी आणि क्लार्क गेबल हा नोकरी गेलेला वार्ताहर. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर त्याने घेतली. आपल्याकडे तीच गोष्ट १९५६ साली 'चोरी चोरी'मध्ये राज कपूर-नर्गिस यांनी सांगितली. १९३४पासूनच अमेरिकेत सिनेमांवरची नैतिक नियमावली कडकपणे लागू झाली होती. पडद्यावर स्पर्श करायचा नाही म्हटल्यावर सगळी जवळीक बोलण्यात आली. दोघं भांडतात म्हणजे दोघांचं जुळतंय, ही खूण तिथून रूढ झाली, आणि भांडायचं तर बाईलाही तेवढीच धारदार वाक्यं द्यावी लागली. कॅथरीन हेपबर्न, कॅरल लोम्बार्ड या त्या शाळेतल्या.

१९३८ साली कॅथरीन हेपबर्नचा 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. त्यात एका बुजऱ्या शास्त्रज्ञाच्या मागे नायिका हात धुऊन लागते. त्याच १९३८ साली आपल्याकडे 'ब्रह्मचारी' आला. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचं, नायिका मीनाक्षी शिरोडकर. त्यातही ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलेल्या तरुणाच्या मागे मुलगीच लागते. दोन्ही सिनेमांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तरी दोन खंडांत एकाच वर्षी बायका पुढाकार घेऊन पुरुषांना पळता भुई थोडी करत होत्या, याचा मला फार आनंद होतो. 'ब्रह्मचारी'तल्या मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख तेवढा लोकांनी लक्षात ठेवला. त्यांचा खट्याळपणा, ती मोकळी चाल, त्या पोशाखाआड गेली. आपल्याकडे नायिकेच्या विनोदाचं बहुधा असंच होतं. तिच्याबद्दलचं दुसरंच काहीतरी आठवणीत राहतं.

रंजना विनोदासाठी घडवली गेली नव्हती. तिचं घर व्ही. शांताराम यांच्या चित्रसृष्टीशी जोडलेलं. आई वत्सला देशमुख अभिनेत्री, 'पिंजरा'त काम केलेल्या. मावशी संध्या, म्हणजे 'झनक झनक पायल बाजे', 'नवरंग' आणि 'पिंजरा'ची नायिका. शांतारामबापूंचं राजकमल कलामंदिर १९४२ पासून परळला. गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यातला तो स्टुडिओ. तिथल्या शिस्तीत वाढलेल्या या मुलीच्या वाट्याला आधी गंभीर कामं आली. 'झुंज'मध्ये ती रवींद्र महाजनींबरोबर आली. १९७७ साली शांतारामबापूंनी चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवरून 'चानी' केला आणि ती भूमिका तिला दिली. कोकणातल्या गावातली, गोऱ्या साहेबाचं रक्त अंगात घेऊन जन्मलेली, म्हणून गावाने वाळीत टाकलेली पोर. समुद्र, वारा, रान यांच्यात वाढलेली ती मुलगी रंजनाने अशी उभी केली की तिच्याकडे पाहताना अंगावर काटा येतो. 'चानी' मला प्रिय आहे, पण तो विनोदी सिनेमा नव्हे, आणि तरी रंजनाच्या विनोदाचं मूळ मला तिथेच सापडतं. तिच्या डोळ्यांत तिथे जे धीट, न दबणारं काहीतरी आहे, तेच पुढे हसवायला लागलं.

तो धीटपणा मोकळा सुटला आठव्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सात-आठ वर्षं. अशोक सराफ तेव्हा नायकाच्या मित्रावरून नायकापर्यंत येत होते, आणि त्यांच्यासमोर उभं राहून न हरणारी सहकलाकार हवी होती. अशोक सराफ यांच्या विनोदाची गंमत त्यांच्या वेळेत आहे, वाक्याच्या आधीच्या त्या अर्ध्या क्षणाच्या थांबण्यात. समोरचा कलाकार कच्चा असला तर तो थांबा वाया जातो. रंजना तो थांबा ऐकायची. त्यांचं वाक्य पडायच्या आत तिच्या चेहऱ्यावर त्याचं उत्तर तयार व्हायला लागलेलं दिसतं. भुवई चढते, ओठ आवळले जातात, आणि प्रेक्षकाला कळतं की आता हा माणूस मेला. विनोदातलं हे अर्धं काम ऐकणाऱ्याचं असतं, आणि टाळ्या मात्र बोलणाऱ्याला मिळतात.

'बिनकामाचा नवरा' (१९८४) मला या जोडीचा सगळ्यात पक्का सिनेमा वाटतो. नवरा नावाप्रमाणेच आहे. अशोक सराफ यांनी तो आळस इतक्या प्रेमाने केला आहे की त्याचा राग येत नाही. इथे रंजनापुढे पेच होता. अशा गोष्टीत बायको एक तर कजाग होते, नाहीतर गरीब गाय. कजाग झाली तर आपण नवऱ्याच्या बाजूने हसतो, गाय झाली तर हसूच येत नाही. रंजना तिसऱ्याच वाटेने गेली. तिचा राग खरा आहे, कष्ट खरे आहेत, आणि त्या नवऱ्यावरचा जीवही खरा आहे, आणि ती हे तिन्ही एकाच वाक्यात आणू शकते. शिव्या देता देता मध्येच तिला हसू फुटेल की काय असं वाटतं, ते ती दाबते, आणि ते दाबलेलं हसू आपल्यात फुटतं. आमच्या वाड्यात असे संसार होते. जाळं फाटलं म्हणून महिनाभर घरी बसलेला नवरा, आणि पाटी घेऊन निघालेली बायको. ती जाताना चार शब्द सुनवायची, आणि तरी संध्याकाळी चांगला पापलेट असला तर त्याच्यासाठी मागे ठेवायची. या सिनेमात आमच्या बायकांनी स्वतःलाच पाहिलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं नाही.

'गुपचूप गुपचूप' (१९८३) वेगळ्या जातीचा, शहरी लपाछपीचा. अशोक सराफ यांचा प्राध्यापक धोंड लोकांना अजून पाठ आहे आणि तो आहेही तसाच. रंजना आणि कुलदीप पवार त्यात प्रेमाची बाजू सांभाळतात. गावाकडचा बाज सोडून ती इथे किती सहज शहरी होते, ते पाहण्यासारखं आहे. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये एक भूत आहे, दिलीप प्रभावळकर आहेत, आणि पोरांना तो अजूनही आवडतो. मीही तो पोरांबरोबर बसूनच पाहते.

'मुंबईचा फौजदार' (१९८४) मात्र थांबून पाहावा असा. दिग्दर्शक राजदत्त. मुंबईतला रुबाबदार फौजदार म्हणजे रवींद्र महाजनी, आणि त्याच्या पदरी पडलेली गावाकडची अडाणी बायको म्हणजे रंजना. त्याला तिची लाज वाटते. तिचं बोलणं, चालणं, खाणं, सगळंच त्याच्या मुंबईला शोभत नाही. मग ती बदलते. कथेचा हा सांगाडा जुना आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये तो होता. त्यावरून निघालेल्या 'माय फेअर लेडी' (१९६४) या हॉलिवूडपटात ऑड्री हेपबर्न होती. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी त्यावरून १९७५ साली 'ती फुलराणी' आणली आणि भक्ती बर्वे यांनी ती अजरामर केली. भक्तीबाई आमच्या वरळीच्या दूरदर्शन केंद्रावर बातम्याही द्यायच्या. शुद्ध, स्वच्छ मराठीत बातम्या सांगणारी बाई संध्याकाळी रंगमंचावर फुलं विकणाऱ्या पोरीची भाषा तितक्याच ताकदीने बोलते, याचं आम्हाला मोठं अप्रूप होतं.

या सगळ्या गोष्टींत बाईला सुधारणारा कुणीतरी असतो आणि श्रेय त्याला जातं. रंजनाचं मोठेपण असं की तिने 'सुधारण्याआधीची' बाई कमी प्रतीची केली नाही. गावाकडच्या बायकोचा विनोद करताना कलाकार बहुतेकदा त्या बाईकडे वरून पाहतो आणि आपल्यालाही वरून पाहायला लावतो. रंजना त्या बाईच्या आत उभी असते. तिला शहर विचित्र वाटतं ते शहर विचित्र आहे म्हणून. तिच्या प्रश्नांना तर्क आहे, आणि तिच्याशी वाद घालताना फौजदाराची पंचाईत होते ती याच तर्काने. ती बदलून समोर येते तेव्हा मला दर वेळी थोडं चुकल्यासारखं वाटतं. आधीची ती मला जास्त आवडते. दिग्दर्शकाला हे अभिप्रेत होतं की नाही, यापेक्षा रंजनाने ते घडवलं हे मला महत्त्वाचं वाटतं.

याच सिनेमात समुद्रकिनाऱ्यावरचं ते गाजलेलं द्वंद्वगीत आहे. सिनेमातला किनारा नेहमी मोकळा असतो, दोघांपुरता. आमच्या किनाऱ्यावर जाळी पसरलेली, होड्या ओढून ठेवलेल्या, बोंबील वाळत घातलेले, पोरं क्रिकेट खेळतायत. दोघांना फिरायला जागा कुठली? आमच्याकडची लग्नं ठरायची आणि प्रेमं जमायची ती याच गर्दीत, जाळं विणताना, मासळी निवडताना, गोलफादेवीच्या देवळात, दुसऱ्याच्या हळदीत. तरी ते गाणं वाड्यात सगळ्यांना यायचं. मोकळ्या किनाऱ्याची हौस समुद्रावर राहणाऱ्यांनाही असते.

'अरे संसार संसार' (१९८१), दिग्दर्शक पुन्हा राजदत्त, हा विनोदी नव्हे; कुणब्याच्या घरातली नवी नवरी ते म्हातारी असा प्रवास तिने त्यात केला, जेमतेम पंचविशी ओलांडलेल्या वयात. त्याचा उल्लेख इथे करते तो यासाठी की हसवणाऱ्या बाईला गंभीर काम जमत नाही, हा समज तिने आधीच खोडून ठेवला होता. चांगला विनोद करायला दुःख कळावं लागतं असं सगळेच म्हणतात. रंजनाच्या बाबतीत मला उलटं वाटतं. तिला माणसं कळायची. ती समज रडवायला वापरायची की हसवायला, हे पटकथा ठरवायची.

मग १९८७. शूटिंगसाठी बंगळूरकडे जाताना तिच्या गाडीला अपघात झाला आणि पायांची शक्ती गेली. वय बत्तिशीच्या आसपास. हॉलिवूडची कॅरल लोम्बार्ड १९४२ साली विमान अपघातात गेली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती, आणि तिचा शेवटचा विनोदी सिनेमा ती गेल्यावर प्रदर्शित झाला. तिच्या सिनेमांचा तिच्या देशाने सांभाळ केला. रंजना जिवंत होती, तेरा वर्षं, परळमध्ये, आमच्यापासून बसच्या दहा-पंधरा मिनिटांवर. चाकांच्या खुर्चीत बसून ती 'फक्त एकदाच' या नाटकात रंगमंचावर आली. उभं राहता येत नसताना प्रेक्षकांसमोर जायला जी हिंमत लागते ती तिच्यात होती. ३ मार्च २००० रोजी परळच्या घरी हृदयविकाराने ती गेली. पंचेचाळीसही पुरी नव्हती. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत भक्ती बर्वे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या. मराठीला मनापासून हसवणाऱ्या दोन बायका वर्षाच्या आत.

मला जास्त सलतं ते वेगळंच. रंजना थांबली त्याच सुमारास मराठी सिनेमात विनोदाची लाट आली. 'धूमधडाका' १९८५चा, 'दे दणादण' १९८७चा, 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. लाट मोठी होती, थिएटरं भरत होती. मीही ते सिनेमे आनंदाने पाहिले, आजही पाहते. पण त्यात हसवायचं काम पुरुषांनी वाटून घेतलं. नायिका आली, नाचली, चिडली, शेवटी मानली. 'बनवाबनवी' तर आपल्या भाषेतला सगळ्यात लाडका विनोदी सिनेमा, अश्विनी भावे यांनी त्यात आपली जागा हिमतीने घेतली आहे. तरी त्या सिनेमात सगळ्यात जास्त हसवणाऱ्या बायका कोण? सुधा आणि पार्वती, म्हणजे साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे. इतक्या ताकदीच्या बायकांच्या भूमिका लिहिल्या गेल्या, आणि त्या पुरुषांसाठी लिहिल्या गेल्या. रंजना त्या वर्षी धडधाकट असती तर लेखकांना तिच्यासाठी काहीतरी लिहावं लागलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. कलाकार समोर असला की लेखणी वळते. अशोक सराफ यांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ साली पद्मश्री मिळाली. दोन्ही वेळा मला त्यांच्यासाठी अतिशय आनंद झाला, आणि दोन्ही वेळा त्यांच्या शेजारची ती रिकामी जागा दिसली.

कोळीवाडा आता बदलला आहे. २००९ साली सागरी सेतू झाला, मग किनारी रस्ता आला. त्याच्या खांबांमधून होड्या निघायला पुरेसं अंतर मिळावं म्हणून क्लीव्हलँड बंदरावरच्या मच्छीमारांना भांडावं लागलं, आणि दोन खांबांतलं ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घेतलं गेलं. त्या आंदोलनात बायका पुढे होत्या, आणि त्यांची बोलण्याची तऱ्हा ऐकताना मला रंजनाची आठवण झाली नसती तरच नवल. तीच हजरजबाबी, तोच समोरच्याला शब्दात पकडायचा सराव.

माझ्या भाचीने रंजनाचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. तिने तिच्याविषयी ऐकलं होतं ते अपघातापुरतं. मध्यंतरी तिने विचारलं की मावशी, सुरुवात कुठून करू? मी तिला क्रम लावून दिला आणि तो इथेही देते. आधी 'गुपचूप गुपचूप', कारण त्यात हसण्याला काही अट नाही. मग 'बिनकामाचा नवरा', आणि तो एकटीने नव्हे, घरातल्या एखाद्या कमावत्या बाईच्या शेजारी बसून पाहायचा. मग 'मुंबईचा फौजदार', पूर्वार्ध दोनदा. त्यानंतर 'अरे संसार संसार', म्हणजे ही बाई काय काय करू शकत होती याचा आवाका येतो. 'चानी' शेवटी. आणि अपघाताबद्दल वाचायचंच असेल तर या पाचांनंतर.